बोलायचं सोबतीने

जव्हार
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय सुनी,

योगीचा भरभरून नमस्कार. मी इथे ठणठणीत आहे. तूही तिथे तशीच असशील, आणि नसशील तर एकमेकींना इंजेक्शन द्यायला तुम्ही आहातच. पत्रास कारण एक नाही, पुष्कळ आहेत, म्हणून वहीची मधली पानं काढून बसले आहे. तुमच्या नर्सिंगच्या होस्टेलवर फोन फक्त रविवारी हातात देतात, आणि तो तुझ्या आईलाच पुरत नाही. मग माझ्या वाट्याला काय येणार? शिवाय पत्रात तू मध्येच बोलत नाहीस, हा मोठाच फायदा.

तर बातमी अशी की आपल्या कॉलेजात खेळाच्या सामानाची खोली होती ना, तिथले भाले आणि फाटक्या मॅट काढून दोन खुर्च्या टाकल्या आहेत. दारावर पाटी लावली आहे, समुपदेशन कक्ष. मंगळवारी आणि शुक्रवारी नाशिकहून प्रतिभा मॅडम येतात. केस आखूड, खांद्याला कापडी पिशवी, वय आपल्या मोठ्या बहिणीएवढं. आल्या त्या दिवशी वर्गातल्या हरेशला वाटलं प्रवेश घ्यायला आलेली नवी मुलगी आहे. त्याने त्यांना ऑफिसची खिडकी दाखवली आणि वर सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे. आता तो त्यांना बघितलं की जिन्याखालून जातो.

मॅडमनी प्रत्येक वर्गात येऊन सांगितलं. मन लागत नसेल, अभ्यास डोक्यात शिरत नसेल, घरची काळजी असेल, कसली भीती वाटत असेल, तर या. एकेकाने यायचं, दार लावून बोलायचं, बोललेलं बाहेर जाणार नाही. झालं. पहिल्या आठवड्यात कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. मॅडम दार उघडं ठेवून बसायच्या आणि पोरं त्या दारासमोरून असं चालायची की तिथे दारच नाही.

मग रेक्टर पुष्पा मॅडम ओरडल्या म्हणून आम्ही गेलो. आम्ही म्हणजे होस्टेलच्या खालच्या मजल्यावरच्या सगळ्या. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रतिभा मॅडमनी विचारलं, कोणाला बोलायचं आहे? आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, जिला बोलायचं आहे तिने थांबायचं, बाकीच्यांनी बाहेर बसायचं. तर सगळ्याच बाहेर. आत मॅडम आणि त्यांची पाण्याची बाटली.

मला त्यांची दया आली, खरं सांगते. मी परत आत गेले. बोलायला नाही, समजावायला. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे असं एकटं कोणी कुठे जात नाही. दवाखान्यात जायचं तर सोबत लागते, तहसीलला दाखला काढायचा तर सोबत लागते, अंगारेधुपारे करणाऱ्या भगताकडे जायचं तर लागतेच लागते. आणि बोलायचं सोबतीने. दुखणाईत गप्प बसतो. त्याचं आधीच दुखतंय, त्याला आणखी बोलायला कशाला लावायचं?

मग मी त्यांना तुझ्या पोटदुखीची गोष्ट सांगितली. आपण आश्रमशाळेत सातवीत होतो, खोडाळ्याच्या दवाखान्यात मी तुला घेऊन गेले होते. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, काय खाल्लं होतं, सगळं मीच सांगत होते आणि तू भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतीस. शेवटी डॉक्टर म्हणाले, बाई, दुखतंय कोणाला ते एकदा ठरवा, म्हणजे मी तिचं पोट तपासतो. मॅडम किती हसल्या म्हणून सांगू. हसून झाल्यावर म्हणाल्या, बरं, मग पुढच्या वेळेपासून सोबत घेऊन या. बघू या काय होतं ते.

तिसरी खुर्ची मी स्वतः ऑफिसातून उचलून आणली. म्हणजे आपल्या कॉलेजातली पहिली अधिकृत सोबत मीच. तू हसशील, पण मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

आता बाकीचं. तुझ्या खाटेवर दाभोश्याची कमू आली आहे, पहिल्या वर्षाला. तिच्या घरचे मजुरीला जिथे काम मिळेल तिथे असतात, त्यामुळे तिला भेटायला कोणी येत नाही. बोलत तर अजिबात नाही. संध्याकाळी तुझ्या खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहते. ही पोर आतून फार दुःखी आहे, मी हेरून ठेवली आहे. पहिली सोबत हिलाच देणार.

आईने खुरासणीची चटणी पाठवली होती. एका दिवसात फस्त. अभ्यासही जोरात आहे, हल्ली मला गजरसुद्धा लागत नाही, सगळ्यांच्या आधी जागी असते. पुढच्या वर्षी नर्सिंगची परीक्षा पुन्हा देणारच आहे, घरीही तसंच सांगितलं आहे. यादीत तुझं नाव आलं तेव्हा मी अख्ख्या होस्टेलला पेढे वाटले होते, त्याचं कौतुक इथे अजून चालू आहे. तेव्हा माझी काळजी सोड आणि सुया नीट टोचायला शिक.

तुझी ठणठणीत,
योगी


जव्हार
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुनी,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या लांब जाऊन एवढंसं पत्र लिहितेस, शाई सरकारी आहे का तुमच्याकडे? आणि नर्स झाली नाहीस अजून, तोवरच विचारायला लागलीस, जेवण जातं का, झोप कशी आहे. ते सोड. आधी इथली मजा ऐक.

तिसऱ्या खुर्चीने चमत्कार केला आहे. आता शुक्रवारी खोलीबाहेर रांग असते. मंगेश हरेशला घेऊन गेला, पुढच्या वेळी हरेश मंगेशला घेऊन गेला, आता दोघांत भांडण की खरा दुखणाईत कोण. मॅडमनी दारावर पाटीखाली कागद चिकटवला आहे, सोबत आणली तरी चालेल. सोबत आलेल्याला त्या एक अट घालतात. ऐकलेलं या खोलीत ठेवून जायचं. हे सगळे पाळतात. मी तुला जे सांगणार आहे ते कमूला विचारून सांगते आहे, ती हो म्हणाली. म्हणजे मान हलवली.

तिला मी घेऊन गेले, ठरवल्याप्रमाणे. तिघी बसलो. मॅडमनी विचारलं, कमू, काय त्रास होतो? कमू जमिनीकडे बघत बसली. मग मी सुरू केलं. म्हटलं, मॅडम, हिला झोप लागत नाही. पडते, पण डोळे उघडेच असतात, पहाटेपर्यंत कूस बदलत असते. जेवण तोंडात फिरतं, गिळवत नाही. वर्गात बसते पण सर काय बोलतात ते कानाशी येऊन थांबतं. कोणी हसलं की हिला वाटतं आपल्यालाच हसतात. सगळ्यांसमोर नीट असते आणि एकटी पडली की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं. आणि कधी कधी हिला वाटतं, उद्याची सकाळ झालीच नाही तर बरं.

मी न थांबता बोलले. इतकं छान सांगितलं मी की मला माझंच कौतुक वाटलं.

मॅडम कमूला म्हणाल्या, "असं होतं तुला?"

कमूने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, "नाय मॅडम. मला तं झोप लागते. पडले का सकाळच होते." मग म्हणाली, "मला घरची आठवण येते. तेवढाच हाय माझा."

मी मोठ्याने हसले. काय फजिती बघ. एवढं मोठं दुखणं मी तिच्या नावावर केलं आणि ते तिचं निघालंच नाही. कमूपण हसेल असं मला वाटलं, पण ती माझ्याकडे बघत राहिली. मॅडमही हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "योगिता, ती पहाटेपर्यंत जागी असते हे तू कधी बघितलंस?"

मी म्हटलं, मॅडम, मला तास आहे, आणि उठले. तास नव्हता.

तर अशी मजा. मॅडमची ही एक खोड आहे, कुठलीही गोष्ट धरून ठेवतात. कमूचं मात्र बरं झालं. मॅडमनी तिच्या आईवडिलांच्या मुकादमाचा नंबर मिळवला, आता दर बुधवारी तिचं आईशी बोलणं होतं. बुधवारी ती चक्क गुणगुणते.

दुसरी बातमी. आम्ही एक नाटुकलं बसवतो आहोत. मॅडम म्हणाल्या, खोडाळ्याच्या मुलींच्या होस्टेलवर जाऊन हे सगळं सांगायचं आहे, भाषण नको, तुम्ही काहीतरी करा. मी तिथल्या तिथे रचून टाकलं. एक डॉक्टर, एक दुखणाईत, एक सोबत. डॉक्टर दुखणाईताला विचारतो आणि प्रत्येक गोष्टीचं उत्तर सोबत देते. तोंड उघड म्हटलं तर तोंडसुद्धा सोबतच उघडते. दुखणाईत हरेश, त्याला काहीच बोलायचं नाही म्हणून त्याने आनंदाने घेतलं. सोबत अर्थातच मी. आणि डॉक्टर कोण माहीत आहे? कमू. आधी नको नको म्हणत होती. मी तिच्या गळ्यात हरेशचा मफलर स्टेथोस्कोप म्हणून अडकवला आणि ती सरळ उभी राहिली. शेवट अजून जुळत नाही, तो जुळवायचा आहे.

सुनी, एक सांगायचं राहिलं. माझ्या आईशी फोनवर बोललीस तर यातलं काही बोलू नकोस. म्हणजे मी मॅडमकडे जाते वगैरे. सोबत म्हणून जाते हे तिला कळायचं नाही. आपल्या पाड्यावरच्या ठकीकाकूच्या पोरीचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. बारावीत गप्प गप्प राहायला लागली, घरी नेली, दोन भगत झाले, मग लग्न झालं. तिची पुस्तकं अजून माळ्यावर आहेत. ठकीकाकू काही वाईट नाही, पोरीच्या काळजीनेच नेलं तिने. माझी आईसुद्धा काळजीनेच नेईल. आणि मला जायचं नाही, सुनी. मला इथेच राहायचं आहे.

आणखी एक. मागच्या पत्रात चटणी फस्त झाली असं लिहिलं होतं. ते असंच लिहिलं होतं. बरणी पेटीत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. दुसरं काही नाही.

तुझी,
योगी


जव्हार
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुनी,

तुझी दोन्ही पत्रं आली. दुसरं रागाचं होतं, ते जास्त आवडलं. "तुला काय होतंय ते सरळ लिही, नाहीतर मी रजा टाकून जव्हारला येते" हे वाक्य मी कमूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, येऊ दे, तिची खाट मी देते.

रजा टाकू नकोस. सरळ लिहिते. आज सांगायला इतकं आहे की हात पुरत नाही, पण मागून पुढे आले तरच तुला कळेल.

तुला मागचं पत्र टाकल्यानंतरच्या मंगळवारी मी कपडे वाळत घालत होते. कमू आली आणि तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "चल."

मी म्हटलं, "कुठे?"

"मॅडमकडं. आज मी सोबत."

मी हात सोडवायला बघितला, पण तिच्या हाताला डोक्यावरून विटा वाहून आलेली ताकद आहे, आपलं काही चालत नाही. आत नेऊन तिने मला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिसऱ्या खुर्चीवर बसली, मी उचलून आणलेल्या. आणि जी पोर दिवसाला चार शब्द बोलत नाही, ती बोलायला लागली. "मॅडम, ही जेवत नाय. भाकर कागदात बांधून मागच्या कुत्रीला घालते. घरून चटणी आलेय, बरणीचा झाकणसुदीक उघडला नाय हिनं. सगळ्यांना हसवते, आन् मग मोरीत नळ सोडून रडते. नळाच्या आवाजात आयकू येत नाय असा तिला वाटतं. मला येतो."

मी म्हटलं, कमू, गप बस.

ती म्हणाली, "दुखणाईतानं बोलायचा नसतं. तूच सांगतलंस."

यावर मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मग ते थांबेचना. मॅडमनी काही समजावलं नाही. पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि माझं रडून होईपर्यंत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी तू जे कमूचं म्हणून सांगितलंस, ते फार नीट सांगितलं होतंस. तेच आता परत सांगशील? फक्त 'हिला' काढून 'मला' घाल."

सुनी, मला ते जमलं नाही. त्या दिवशी नाही. "मला झोप लागत नाही" एवढं एक वाक्य झालं, पुढचं आलंच नाही. पण मॅडम म्हणाल्या की आजचं एवढं पुरे आहे. सकाळ होऊच नये असं वाटतं, त्याबद्दल त्यांनी स्पष्ट विचारलं, आडून नाही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असं. मी नाही म्हटलं, खरंच नाही, नुसता कंटाळा येतो सगळ्याचा. त्या म्हणाल्या, तसं कधी वाटलं तर त्याच क्षणी कोणाला उठवशील ते आत्ता ठरवू. कमूने हात वर केला, वर्गात करतात तसा. आणि गरज पडली तर डॉक्टरांकडेही जाऊ, म्हणाल्या, अंगाला ताप आल्यावर जातो तसंच. तेव्हापासून मी दर मंगळवारी जाते. झोप अजून पूर्ण आली नाही, पण येते. परवा तर मी सकाळच्या तासाला उशिरा पोचले, झोपून राहिले म्हणून. मला एवढा आनंद झाला की सरांनी बाहेर उभं केलं तरी मी हसत होते.

आता नाटुकलं. त्याचा शेवट आम्हाला सापडला तो असा. डॉक्टर विचारतो, झोप लागते का? सोबत म्हणते, नाय लागत. आणि दुखणाईत हरेश खुर्चीवर घोरतोय. जेवण जातं का? नाय जात. हरेश खिशातून केळं काढून खातोय. शेवटी डॉक्टर हरेशला बाजूला करून सोबतीला विचारतो, "मग झोप कोणाला नाय लागत?" आणि सोबत म्हणते, "मला." एवढाच शेवट. तालमीत हा शब्द मी दर वेळी हसत हसत म्हटला. नाटकातलाच तर शब्द होता.

खोडाळ्याला आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो, दुपारी, मोखाड्याहून जीपने. होस्टेलच्या अंगणात मुली बसल्या होत्या, आणि बाजारातली माणसंही कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आम्ही सुरू केलं आणि लोक असे हसायला लागले, सुनी, की कमूला पुढचं वाक्य बोलायला थांबावं लागत होतं. कारण सगळ्यांनी कधी ना कधी हेच केलेलं आहे. एक म्हातारबाबा तर ओरडून हरेशला म्हणाले, "बोल की रे बाबा तू कायतरी." हरेशने त्यांनाही उत्तर दिलं नाही, मीच दिलं. मी हवेत होते. मला वाटत होतं, यासाठीच मी जन्मले.

आणि मग मला कुंपणापाशी आई दिसली.

काकड्या विकायला बाजारात आली होती. जव्हारच्या कॉलेजची पोरं आलीत असं कोणीतरी सांगितलं असणार. डोक्यावरची पाटी उतरवून कमरेला धरली होती आणि बाजूच्या बाईला बोटाने दाखवत होती, ती माझी पोर. तिच्या तोंडावर इतका आनंद होता. आणि कमू माझ्यासमोर मफलर लावून उभी राहिली आणि तिने विचारलं, "मग झोप कोणाला नाय लागत?"

मला काहीही म्हणता आलं असतं. हरेशला म्हटलं असतं, डॉक्टरला म्हटलं असतं, लोक अजून हसले असते आणि आम्ही जीपमध्ये बसून परत आलो असतो. डोक्यात ठकीकाकूच्या पोरीची पुस्तकं आली. कमूने घाई केली नाही. ती नुसती बघत राहिली, खोलीत बघत होती तशी.

मी म्हटलं, "मला."

हसून नाही म्हटलं. हसायला गेले पण तो शब्द तसा निघालाच नाही. मग मुलींनी टाळ्या वाजवल्या, नाटक संपलं असं समजून. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने पाटी खाली ठेवली.

मॅडमनी पुढे येऊन आपल्या खोलीबद्दल सांगितलं, आणि ते संपल्यावर आई माझ्यापाशी आली. म्हणाली, "जेवलीस?" मी नाही म्हटलं. तिने एक काकडी काढली, मोडली, अर्धी मला आणि अर्धी कमूला दिली. आम्ही खाईपर्यंत उभी राहिली. मग विचारलं, "ती मॅडम कोणत्या वारी बसते?" मी मंगळवार म्हटलं. तिने पाटी उचलली आणि गेली. त्या मंगळवारपर्यंत माझी झोप परत उडाली, हे तुला वेगळं सांगायला नको. कमू मात्र म्हणत होती, तुझी आई न्यायला आली असती तं त्याच दिवशी नेली असती, काकडी कशाला देत बसली असती.

मंगळवारी आई पहिल्या जीपने आली. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलेलं, ते सोडून. चपला दाराबाहेर काढल्या आणि खोलीत आधी सगळीकडे बघून घेतलं. मग मॅडमना विचारलं, "गोळ्या देतात का इथं?" मॅडम म्हणाल्या, इथे नाही, इथे बोलतात. आईला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण ती बसली. मी मध्ये, आई तिसऱ्या खुर्चीवर. कमू दाराबाहेर आईच्या चपलांशेजारी.

मॅडमनी विचारलं, "काय त्रास होतो?"

आईने तोंड उघडलं. म्हणाली, "हिला ना मॅडम—"

आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. पदर सारखा केला. मग मला म्हणाली, "मला काय म्हायीत तुझ्या आतला. तुझा तूच सांग."

सुनी, माझ्या आईने आजवर माझ्या वतीने सगळीकडे सांगितलं आहे. शाळेत, दवाखान्यात, देवापुढेसुद्धा. तिने पहिल्यांदा थांबून मला बोलू दिलं. आणि उठून गेली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिली, म्हणजे मला तिच्याकडे बघावं लागू नये.

मग मी सांगितलं. सगळं, "मला" घालून. त्यातलं पहिलं वाक्य तुझ्याबद्दल होतं, ते तुलाही सांगते. तुझं नाव यादीत आलं आणि माझं आलं नाही, त्या दिवसापासून मला झोप नाही. आपण एकच पुस्तक मध्ये ठेवून वाचलं होतं. पाचवीपासून तुझी पेटी माझ्या पेटीशेजारी होती. मी पेढे वाटले ते मनापासून वाटले, आणि त्याच मनात मला तुझा राग येत होता, आणि राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटत होती. तू गेल्यावर मला कळेना की मी आता कोणाची सोबत आहे. सगळ्यांना हसवत होते ते त्यासाठीच, की कोणी विचारू नये. तू विचारलंस तर तुलाही हसवलं.

हे लिहून झालं. आता मला हलकं वाटतं आहे आणि थोडी तुझी भीतीही वाटते आहे.

आईला जीपमध्ये बसवायला गेले तेव्हा शेवटी मीच विचारलं, मला घरी नेणार का? ती म्हणाली, "भात कापायला तुझा बाप हाय. तुझा काय काम घरी?" मग खिडकीतून म्हणाली की ठकीकाकूला घेऊन येते एकदा, तिची पोर पण बोलेल मॅडमशी, आणि तिला एकटीला यायला भीती वाटेल, सोबत लागेल. जीप सुटल्यावर मी आणि कमू स्टँडवर उभ्या राहून इतक्या हसलो की लोकही आम्हाला बघून हसायला लागले. या वेळी खरंच आपल्यालाच हसतात हे ठाऊक होतं, त्यामुळे चालवून घेतलं.

मोखाड्याच्या कॉलेजातूनही नाटुकल्याचं बोलावणं आलं आहे. परीक्षेचं मी अजून ठरवलं नाही. देईन किंवा मॅडमसारखं काहीतरी शिकेन. घरी सांगितलं आहे की ठरलेलं नाही, आणि आभाळ कोसळलं नाही.

दिवाळीला तू येशील तेव्हा आपल्या पाड्यावरच्या वाटेने चालू. मला विचार, योगी, कशी आहेस. आणि मी गप्प बसले तर माझ्या वतीने काही बोलू नकोस. थोडी थांब. मी सांगते.

तुझ्याशिवायही राहायला शिकत असलेली, पण तुझीच,
योगिता

ता. क. चटणी संपली. या वेळी खरंच. निम्मी कमूने खाल्ली.